रंगवलेले शोभेचे मासे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शोभेच्या माशांच्या दुकानात काचेसारखे आरपार दिसणारे ‘ग्लास फिश’ असतात. त्यांच्या पाठीवर आणि पोटाच्या कडेने गुलाबी, पोपटी, निळ्या रंगाच्या झगझगीत रेघा असतात आणि लहान मुलं त्या टाकीसमोरून हलत नाहीत. त्या रेघा जन्मजात नाहीत, सुईने भरलेल्या आहेत, हे बहुतेकांना मासे घरी आणल्यावर काही महिन्यांनी, रंग उडायला लागला की कळतं. अशा माशांबद्दल सतत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. माझं मत आधीच सांगते. विक्रीसाठी माशाला रंगवणं ही क्रूरता आहे. आणि ती थांबवता येण्यासारखी आहे, कारण हा सगळा धंदा गिऱ्हाइकाच्या पहिल्या नजरेवर चालतो.

रंगवलेला मासा नेमका कशाला म्हणायचं?

ज्याचा रंग त्याच्या अंगाने तयार केलेला नाही, बाहेरून घातलेला आहे, त्याला. माशाच्या कातडीत रंगपेशी असतात. काही काळ्या, काही पिवळ्या-तांबड्या, तर काहींमध्ये ग्वानिन नावाच्या द्रव्याचे अतिशय पातळ स्फटिक असतात आणि ते प्रकाश परतवतात. निऑन टेट्रा या छोट्या माशाची निळी रेघ ही या स्फटिकांचीच करामत आहे. या पेशी मज्जासंस्थेच्या आणि संप्रेरकांच्या हुकमात असतात. म्हणून घाबरलेला मासा फिका पडतो, रात्री रंग उतरतो आणि विणीच्या दिवसांत खुलतो. टोचलेला रंग यातलं काहीही करत नाही. मासा आजारी असला तरी ती गुलाबी रेघ तशीच चमकत राहते, आणि पाळणाऱ्याची नजर तिच्यावरच खिळून राहते.

रंग भरतात तरी कसा?

सगळ्यात जुनी आणि माहितीतली पद्धत इंजेक्शनची. मासा पाण्याबाहेर काढून जाळीत किंवा बोटांत धरतात, सुई कातडीखाली सरकवतात आणि फ्लुओरेसंट रंग सोडतात. एकदा टोचून रेघ पूर्ण होत नाही, त्यामुळे पाठीच्या आणि पोटाच्या कडेने अनेक ठिकाणी टोचावं लागतं. विक्रीला येणारे ग्लास फिश बहुधा तीन-चार सेंटीमीटरचे असतात आणि अंगाने इतके चपटे की समोरून पाहिलं तर जेमतेम एक उभी रेघ दिसते. इन्सुलिनची सुई आपल्याला केसासारखी वाटते, पण तीही साधारण पाव मिलिमीटर जाड असते. माशाचं आणि माणसाचं अंग एकाच मापात आणलं, तर तीच सुई जवळजवळ आपल्या करंगळीएवढी जाड होते. हे टोचणं भूल न देता होतं. एकामागून एक ढीगभर मासे रंगवायचे असतात, तिथे भूल द्यायला आणि शुद्धीवर यायची वाट पाहायला कोण थांबणार?

दुसरी पद्धत बुडवण्याची. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. हातातून मासा निसटतो तो त्या थरामुळेच. एका दाहक द्रावणाने हा थर काढून टाकतात, मासा रंगात बुडवतात, आणि थर पुन्हा धरावा म्हणून कातडीला चेतवणारं आणखी एक रसायन वापरतात. या थरात जंतूंशी लढणारी द्रव्यं असतात, म्हणजे माशाचं ते पहिलं संरक्षण. शिवाय गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, त्यामुळे पाणी सतत आत शिरू पाहतं आणि क्षार बाहेर जाऊ पाहतात. तो तोल राखायलाही कातडी आणि हा थर लागतो. तो सोलून काढला की मासा एकाच वेळी जंतूंसमोर आणि पाण्यासमोर उघडा पडतो. ज्यांनी एखाद्या माशाच्या जखमेवर कापसासारखी बुरशी चढताना पाहिली आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

तिसरी पद्धत लेझरने गोंदण्याची. ब्लड पॅरट सिक्लिड या जाडजूड माशाच्या अंगावर बदाम, फुलं, अक्षरं काढून विकतात. अन्नातून रंग देण्याचेही प्रकार आहेत.

कोणते मासे रंगवले जातात?

ज्यांच्या फिक्या अंगावर रंग उठून दिसतो ते. पहिला मान ग्लास फिशचा, शास्त्रीय नाव पॅराम्बासिस रंगा. तो मूळचा दक्षिण आशियातल्या नद्या-तळ्यांचा रहिवासी आणि रंगवल्यावर ‘डिस्को फिश’ म्हणून विकला जातो. त्याखालोखाल ब्लॅक विडो टेट्राची पांढरी जात, पांढरे कोरिडोरस, ब्लड पॅरट, काही लोच आणि पांढरे शार्क. शेवटचे नावापुरतेच शार्क. नावं गोड ठेवलेली असतात: जेली बीन, ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी. मिठाईच्या दुकानातलं नाव माशाला दिसलं की मी थबकते.

माशाला दुखतं का? त्याला मेंदूच केवढासा!

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो प्रामाणिक आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

२००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडिंबराजवळच्या रॉस्लिन संस्थेत रेनबो ट्राउट माशांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. माशाच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजा ओळखणारे चेतातंतू असतात, हे त्यांनी दाखवलं. मग काही माशांच्या ओठांत मधमाशीचं विष किंवा अ‍ॅसिटिक आम्ल टोचलं, तर काहींना नुसतं मिठाचं पाणी. पहिल्या माशांचा श्वास वाढला, ते तळाशी बसून डुलू लागले, आम्ल टोचलेल्यांनी ओठ खड्यांवर घासले, आणि त्यांना पुन्हा खायला लागायला बराच जास्त वेळ गेला. मॉर्फिन दिल्यावर ही लक्षणं कमी झाली. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असती, तर भूक मरायचं आणि वेदनाशामकाने फरक पडायचं कारण नव्हतं.

याला विरोध करणारे शास्त्रज्ञ आहेत. माशाला मेंदूचं ते बाह्यपटल नाही ज्यातून माणसाला वेदनेची जाणीव होते, मग त्याला ‘दुःख’ होतं असं कसं म्हणायचं, हा त्यांचा मुद्दा. मला तो पुरेसा वाटत नाही. पक्ष्यांकडेही ते आपल्यासारखं नाही, तरी पक्ष्याला दुखत नाही असं म्हणायला सहसा कुणी धजत नाही. वाद पूर्ण मिटलेला नाही असं धरलं, तरी पुढचा प्रश्न उरतोच: चूक झाली तर ती कुणाच्या अंगावर? माशाला दुखत नसेल आणि आपण रंगवणं सोडलं, तर आपलं एका गुलाबी रेघेचं नुकसान. दुखत असेल आणि आपण रंगवत राहिलो, तर त्याची किंमत पाण्याबाहेर धरलेल्या त्या जिवाने मोजायची.

आणि वेदना क्षणभर बाजूला ठेवली, तरी मासा पाण्याबाहेर काढणं, हाताळणं, गर्दीत कोंबणं याने त्याच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढतं, हे कुठल्याही मत्स्यशेतीवाल्याला ठाऊक असतं. यावर वाद नाही.

जे मासे त्यातून वाचतात ते पुढे ठीक राहतात ना?

काही राहतात. पण धोका संपत नाही. एकाच सुईने एकामागून एक मासे टोचले की एकाचा रोग दुसऱ्यात जातो. ग्लास फिशमध्ये लिम्फोसिस्टिस नावाचा विषाणूजन्य आजार दिसतो. परांवर आणि अंगावर फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या पांढुरक्या गाठी येतात. नव्वदच्या दशकात ब्रिटनमधल्या दुकानांतले मासे तपासले गेले, तेव्हा रंगवलेल्या ग्लास फिशपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक माशांत हा आजार आढळला आणि न रंगवलेल्यांत सुमारे दहा टक्क्यांत. या आजारावर औषध नाही. कधी गाठी आपोआप जातात, कधी तोंडाजवळ वाढून खाणं बंद पाडतात.

रंग किती दिवस टिकतो?

साधारण सहा ते दहा महिने, कधी त्याहून कमी. शरीर तो रंग परका म्हणून हळूहळू हटवतं. आधी कडा पुसट होतात, मग तुटक ठिपके राहतात. रंगवलेल्या माशांना पिल्लं झालीच तर ती अर्थातच साधी निघतात.

शास्त्रज्ञसुद्धा माशांना रंग टोचतात. मग ते चालतं आणि हे का नाही?

चांगला प्रश्न आहे. नदीतले किंवा प्रयोगातले मासे एकेकटे ओळखता यावेत म्हणून संशोधक कातडीखाली रंगीत लवचीक द्रव्याची छोटी खूण करतात. बाहेरून दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. पण तिथे माशाला आधी पाण्यातून भूल देतात. खूण काही मिलिमीटरची असते. द्रव्य शरीराला सोसेल असं बनवलेलं असतं. खुणेमुळे माशाची वाढ किंवा जगणं बिघडतं का, हेसुद्धा तपासलं जातं. आणि हे कशासाठी करायचं याचं उत्तर आधी एका समितीसमोर द्यावं लागतं. खूण केलेल्या माशाकडून जे कळतं, त्यातून त्याच्याच जातीचं पाणी, अधिवास, संख्या यांची राखण होऊ शकते. दुकानासाठी रंगवलेल्या माशाच्या बाबतीत यातली एकही गोष्ट खरी नाही. तिथे कारण विचारलं तर एकच मिळतं: अशाने लवकर विकला जातो.

रंग खुलवणारं खाद्य द्यावं का?

खुशाल द्यावं. मासे कॅरोटिनॉइड, म्हणजे पिवळी-तांबडी रंगद्रव्यं, स्वतः बनवू शकत नाहीत, ती अन्नातूनच घेतात. निसर्गात ती शेवाळातून आणि बारीक कवचधारी जिवांतून मिळतात. खाद्यातलं स्पिरुलिना किंवा अ‍ॅस्टाझँथिन तीच भूमिका बजावतं. त्याने माशाच्या अंगी असलेला रंगच भरून येतो, नवा रंग येत नाही. लाल मासा अधिक लाल होईल, निळा होणार नाही.

हार्मोन दिलेले मासे म्हणजे काय?

ही फसवणूक टोचलेल्या रंगापेक्षा ओळखायला अवघड आहे आणि तिच्यावर बोललंही कमी जातं. पीकॉक सिक्लिडसारख्या माशांत पूर्ण वाढलेला नर रंगीत असतो, मादी आणि पिल्लं मातकट. खाद्यातून नर संप्रेरक दिलं की अर्धवट वाढलेली पिल्लं आणि माद्याही नरासारख्या रंगतात. टाकीत बोटाच्या दोन पेरांएवढे मासे सगळेच्या सगळे झगझगीत दिसले, एकही मातकट नसला, तर शंका घ्यावी. घरी आणल्यावर औषध बंद होतं, काही आठवड्यांत रंग उतरतो, आणि गिऱ्हाईक पाण्याला दोष देत बसतं. अशा माद्यांची जननक्षमताही बिघडू शकते. सुई नाही, रक्त नाही, म्हणून हे सौम्य वाटतं. पण वाढत्या जिवाच्या शरीराशी केलेला हा खेळ आहे आणि मी तो टोचण्याच्याच रांगेत बसवते.

ग्लोफिश हे रंगवलेलेच मासे ना?

नाही. १९९९ साली सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी झेब्रा माशाच्या गर्भात जेलीफिशचं एक जनुक घातलं. त्यातून हिरवं चमकणारं प्रथिन बनतं. उद्देश प्रदूषण ओळखणारा मासा तयार करण्याचा होता. पुढे एका अमेरिकन कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि २००३ च्या अखेरीस हे मासे अमेरिकेत ‘ग्लोफिश’ नावाने, शोभेचे म्हणून विक्रीला आले. आता झेब्राबरोबर टेट्रा, बार्ब, फायटर अशा जातीही त्यात आहेत. हा रंग पिल्लांत जन्मतःच येतो. प्रत्येक माशाला टोचावं लागत नाही.

म्हणून वेदनेचा आक्षेप इथे लागू होत नाही, आणि दोन्हींना एकाच मापाने मोजणं मला अन्याय्य वाटतं. पण आक्षेप वेगळे आहेत. युरोपीय संघात त्यांच्या विक्रीला परवानगी नाही. ब्राझीलमध्येही ती बेकायदा आहे, तरी मत्स्यशेतीतून निसटलेले असे झेब्रा मासे तिथल्या अटलांटिक जंगलातल्या ओढ्यांत वाढत आणि वीण करत असल्याचं २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. कुठलाही परका मासा बाहेर सोडू नये हा नियम इथे दुप्पट कडक पाळायला हवा. मी स्वतः ते घेत नाही. पण ज्यांनी घेतले त्यांना क्रूर म्हणणार नाही.

मग निवडून वीण करून बनवलेल्या जातींचं काय? गोल्डफिशही माणसानेच घडवला.

खरं आहे. पिढ्यान् पिढ्या निवड करून आणलेला लाल किंवा पिवळा रंग माशाला जगण्यात अडवत नाही, तोवर मला त्यात वावगं दिसत नाही. अडचण शरीर बिघडवण्यात आहे. बबल आय गोल्डफिशच्या डोळ्यांखालच्या पाण्याने भरलेल्या पिशव्या खड्याला घासून फुटतात. ब्लड पॅरट हा ऐंशीच्या दशकात तैवानमध्ये संकरातून आलेला मासा, त्याचं तोंड नीट मिटतच नाही, खाद्य घशातल्या दातांनी चिरडावं लागतं. त्यावर कहर म्हणजे बदामाचा आकार दिसावा म्हणून काही ठिकाणी त्याची शेपटी कापतात. एकाच माशावर संकर, कापाकापी आणि गोंदण, तिन्ही.

या सगळ्या प्रकारांना मी एकच प्रश्न लावते: यात माशाला काय मिळालं? फिल्टरमधून स्वच्छ पाणी मिळतं, झाडांतून आडोसा मिळतो, औषधातून आराम मिळतो. टोचलेल्या रेघेतून त्याला काहीच मिळत नाही.

दुकानात ओळखायचं कसं?

घाईत पाहिलं तर फसगत होते, म्हणून टाकीसमोर थोडं थांबावं. एकाच टाकीत एकाच जातीचे मासे गुलाबी, निळे, पोपटी, नारिंगी असे मिसळलेले दिसले तर बहुधा रंगवलेले. ग्लोफिशही असे मिसळून ठेवतात, पण त्यांचा रंग अंगभर सारखा असतो आणि निळ्या दिव्याखाली उजळतो, रेघांत किंवा डागांत तुटत नाही. टोचलेला रंग दोन्ही बाजूंना जुळत नाही: डावीकडे रेघ लांब, उजवीकडे तुटकी, मध्येच एक गोळा. भिंगातून पाहिलं तर नुकत्याच रंगवलेल्या माशात तो गोळा कातडीखाली फुगीर दिसतो आणि त्याच्या टोकाशी सुई शिरल्याची फिकट खूण असते. पांढऱ्या कोरिडोरसचे डोळे लालसर आणि अंग जांभळं असेल, तर ते जांभळं त्याचं नाही.

उलट बाजूनेही सावध राहावं. कार्डिनल टेट्रा, निऑन, किलीफिश, रेनबो फिश हे विश्वास बसणार नाही इतके रंगीत असतात आणि तो रंग पूर्ण त्यांचा असतो. झगझगीत दिसलं की रंगवलेलं, असं धरून कुणा दुकानदारावर आळ घेऊ नये.

माझ्याकडे असे मासे आधीपासून आहेत. काय करू?

चांगलं सांभाळा. त्यांची काही चूक नाही आणि तुम्हालाही ठाऊक नव्हतं. दुकानात परत देऊ नका, ते पुन्हा विकले जातील. तळ्यात किंवा नदीत तर मुळीच सोडू नका. रंग काढून टाकणारं औषध नसतं, तो आपोआप जाईल. नवे आणलेले असतील तर काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा आणि परांवर गाठी येतात का पाहा. ग्लास फिश घाबरट असतो, कळपात राहतो, म्हणून निदान सहा-सात तरी एकत्र असू द्या, भरपूर झाडं लावा आणि तेज दिवा टाळा. ते कोरडं खाद्य सहसा नाकारतात. डाफ्निया, आर्टेमिया, रक्तकिडे असं जिवंत किंवा गोठवलेलं खाद्य दिलं की खातात.

दुकानातले बिचारे तिथेच मरतील. वाचवायला म्हणून विकत घेऊ का?

मन तुटतं, हे मला कळतं. तरी घेऊ नका. तुम्ही चार मासे उचललेत की दुकानदाराच्या वहीत ‘चार विकले’ एवढंच लिहिलं जातं, आणि पुढच्या मालात त्या चारांच्या जागी चार येतात. तुमची दया तिथे मागणी म्हणून मोजली जाते.

समुद्री टाकीतही असं होतं का?

होतं, आणि ते अधिक वाईट आहे. अ‍ॅनिमोन या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रकाशातून त्याला अन्न पुरवतं. ताणाने ते शैवाल निघून गेलं की अ‍ॅनिमोन पांढराफटक पडतो. असे आधीच उपाशी झालेले जीव पिवळ्या किंवा निळ्या रंगात बुडवून विकतात. जो रंग विकत घेतला जातो, त्यामागे उपासमार लपवलेली असते, आणि वर तो रंग उरलेल्या शैवालाचा प्रकाशही अडवतो. ठसठशीत पिवळा, टोकापासून बुडापर्यंत एकसारखा अ‍ॅनिमोन दिसला तर हात लावू नये.

दुकानदार म्हणतो, ‘आम्ही नाही रंगवत, माल असाच येतो.’ त्याला काय सांगू?

तो बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. रंगवण्याचं काम मासे त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच उरकलेलं असतं आणि त्याने ते कधी पाहिलेलं नसतं. म्हणून भांडू नये. गर्दी नसताना जावं, हा रंग टोचलेला आहे आणि काही महिन्यांत उडतो हे सांगावं, आणि ‘न रंगवलेले ग्लास फिश मागवाल का?’ असं विचारावं. तक्रारीपेक्षा मागणी त्याला लवकर समजते. ब्रिटनमध्ये ‘प्रॅक्टिकल फिशकीपिंग’ या मासिकाने १९९६ साली मोहीम उघडली तीही याच वाटेने: रंगवलेले मासे विकणार नाही असं दुकानांकडून वदवून घेत, आणि बऱ्याच दुकानांनी ते मान्य केलं. दुकानदाराने पुढच्या वेळी साधे ग्लास फिश खरोखर मागवले, तर ते नक्की घ्यावेत. पूर्ण वाढलेल्या नराच्या परांना निळसर कड असते. ती त्याला आवर्जून दाखवावी, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला तोच ती दाखवील.